पंप कुणी भरला

पिंपळगाव बसवंतच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या.

"नांदगावची गाडी लागली, आत्याबाई. जाऊ द्या मला माहेरी."

"अन् गुलाब?"

"गुलाब राह्यलाय कुठं? तणनाशकाचा पंप न धुता मी त्यातच औषध भरून फवारलं. सगळा प्लॉट करपला. मामांना तोंड कसं दाखवू?"

"त्यांना मी सांगितलं, पंप मी भरला व्हता म्हणून."

"तुम्ही? मग काय म्हणले मामा?"

"हसले. म्हणले, सकाळी संतोषबी हेच सांगत व्हता."

"आमच्या ह्यांनी पण?"

"हां. म्हणले, एक पंप भरायला घरात माणसं तरी किती लागली?"

कंडक्टरनं बेल मारली.

"चढ की आता, गाडी चालली."

"जाऊ द्या तिला. घरी चला, आत्याबाई. मामांना खरं मीच सांगते."