मेंदू आणि खोबरेल

मानवी मेंदू हे विश्वातलं सर्वांत गहन कोडं आहे, अशी पाटी बेळगावच्या एका प्रयोगशाळेत आहे. तिथं स्वमग्न मुलांच्या मेंदूवर संशोधन चालतं. पाटीच्या खिळ्याला शाम्पूच्या पुड्यांची माळ अडकवली होती. माझ्या शेजारच्या बाकावर जांबोटीच्या गुणाबाई नातवाला, साईराजला, घेऊन बसल्या होत्या. संशोधक भैरवी मॅडम त्याच्या डोक्याकडे बघत होत्या.

"आज्जी, तेल लावू नका म्हणून फोन केला होता."

"केलतीस की. पर डोस्कं दाखवायला आणायचं आणि कोरडं ठिवायचं? बरं दिसतंय व्हय?"

"तेलावर मेंदूची नोंद घेणाऱ्या टोपीच्या तारा नीट काम करत नाहीत. आज नोंद झाली नाही तर पुन्हा यावं लागेल."

"नगं बाई. दोन गाड्या बदलून आलतो. धू जा तूच."

"पाणी घेतो का डोक्यावर?"

"त्येच तर न्हाय. तांब्या बघितला की माळ्यावर चढतोय."

"सुहास, जरा तुझं डोकं धुऊन दाखव याला."

"मॅडम, सकाळपासून तिसऱ्यांदा. मी तंत्रज्ञ म्हणून लागलोय."

"सुहास आधी," साईराज म्हणाला.

"बोलला गं माझा बाबा. कालपास्नं तोंड उघडलं न्हवतं. वाक रं सुहास, वाक."

सुहास बेसिनवर वाकला. साईराजनं तांब्याभर पाणी ओतलं, मग आणखी एक.

"छान. आता साईराजची पाळी. मग टोपी."

"सुहास आधी."

"मंगळवारी परत आणू काय गं ह्येला? हितं बोलतोय न्हवं."

दुपारपर्यंत एक नोंद फार सुरेख झाली. ती सुहासच्या मेंदूची होती.