दाताचं निमित्त

सून : आई, त्या खुर्चीवर नको. तिथून जिना दिसतो.

सासू : मग बरंच की. कोण येतंय ते आपल्याला आधी कळेल.

सून : आपल्याला ते दिसतात म्हणजे त्यांनाही आपण दिसतो. इकडे या, कुंडीच्या मागे.

सासू : कुंडीमागे बसून मी काय रोपटं होणार आहे? बरं, सरक. आणि ती ओढणी तोंडावरून काढ आधी. अशी गुंडाळून बसलीस तर न बघणारासुद्धा वळून बघेल. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

सून : हळू बोला ना. बाहेरची पाटी वाचलीत? मनोविकारतज्ज्ञ. एवढी मोठी अक्षरं.

सासू : वाचली. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, तीही पाटी वाचली. आपण दाताला आलोय. तुझ्या मॅडमना तेच सांगितलंस ना?

सून : सांगितलं. तर म्हणाल्या, कुठला दात? म्हटलं, खालची दाढ. मग म्हणे, डॉक्टर कोण? आई, दाढेसाठी अर्धा दिवस सुटी मागितली तर एवढं विचारतात का कोणी? त्यांना संशय आलाय.

सासू : त्यांना सवय आहे चौकशीची. एवढं मोठं पाळणाघर चालवतात.

सून : कळलं ना त्यांना, तर उद्या मला दारातूनच परत पाठवतील. तिथली स्वयंपाकीणबाई आठवते? झोपेच्या गोळ्या घेते एवढंच समजलं होतं. लहान मुलांत असली माणसं नकोत म्हणाल्या. तेही आयाबायांच्या समोर. त्या बाईला नंतर कुणी कामाला ठेवलं नाही.

सासू : म्हणून तू रात्र रात्र घरभर फिरायचं? झोपलेल्या माणसाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचा? परवा माझ्या नाकाशी धरलंस. मला वाटलं, गेलेच मी.

सून : तुम्ही जाग्या होतात?

सासू : नाकाशी बोट आलं तर मेलेलं माणूसही जागं होईल. बोलले नाही, कारण तू माझे श्वास मोजत होतीस. तेव्हाच ठरवलं, हिला घेऊन यायचं.

सून : ह्यांना नाही ना सांगितलंत?

सासू : माझ्या लेकाला? त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यालाही दाढच सांगितलीय. घे, फोन वाजतोय तुझा.

सून : मॅडम आहेत.

सासू : उचल मग.

सून : नाही जमणार. आवाज कापतोय माझा. त्यांना लगेच कळेल.

सासू : आण इकडे. हॅलो. हो, सासूबाई बोलतेय. तिला कसं बोलता येईल, तोंडात कापूस कोंबलाय. कुठला दवाखाना? अहो, चष्मा घरी राहिला, पाटी वाचता नाही आली. नातवाने रिक्षात बसवून दिलं. दुपारी? नाही हो, गाल केवढा सुजलाय. बघते. बरं, ठेवते.

सून : काय म्हणाल्या?

सासू : दुपारी कसंही करून ये म्हणाल्या. फोटो पाठव म्हणाल्या सुजेचा.

सून : फोटो?

सासू : गंमत केली असेल.

सून : त्या गंमत करत नाहीत, आई. आणि तुम्हाला नातू कुठाय?

सासू : तेही खरंच. तोंडातून निघून गेलं. घाबरले मीही.

एसीवाला : मावशी, जरा पाय आत घ्या. शिडी लावतो. एसीचं पाणी नेमकं तुमच्या डोक्यावर ठिबकतंय. अरे, ताई? तुम्ही पाळणाघरातल्या ना? ओळखलंत का? गब्बूचा बाबा मी.

सून : हो. ओळखलं.

एसीवाला : इथे कशा?

सासू : मला घेऊन आलीय. सासू मी तिची. माझं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं.

एसीवाला : असं काय म्हणता मावशी.

सासू : खरंच. रात्री उठून लोकांच्या नाकाशी बोटं धरते. सून बिचारी घेऊन आली. पण बाबा, चारचौघांत बोलू नकोस. लोक नाही नाही ते बोलतात.

एसीवाला : छे, मी कशाला बोलतोय. ताई, तो पाना द्या जरा वर. बरं झालं भेटलात. विचारायचंच होतं. गब्बू तुमच्याकडे नीट जेवतो का?

सून : का?

एसीवाला : घरी घास घेतो, चावून चावून पाणी करतो आणि थुंकून टाकतो. काल द्राक्षं आणली, तर टेबलाखाली जाऊन बसला. गळा धरून. बायको म्हणते, नाटकं करतोय. तिसरं वर्ष लागलंय, हट्टाचं वय आहे. तिकडे खातो ना पण?

सासू : खात असेल. मुलं घरी जरा जास्तच लाडावतात.

सून : नाही खात.

सासू : तुला काय विचारतायत आणि तू काय—

सून : नाही खात तो. दादा, खाली उतरा. शिडीवर असताना नाही सांगणार.

(एसीवाला शिडी उतरतो.)

एसीवाला : काय झालंय?

सून : मध्यंतरी एक दिवस दुसऱ्या ताईंना मॅडमनी स्वतःच्या घरी पडदे लावायला पाठवलं होतं. मी एकटीच होते. कुणाच्या तरी डब्यातलं द्राक्ष गब्बूने उचललं असेल. आवाज आलाच नाही. मूल गुदमरलं की खोकेल, रडेल, असं वाटतं ना आपल्याला? काहीच नाही. पाठमोरा होता. मी वळवलं त्याला, तर ओठ निळे.

एसीवाला : माझ्या गब्बूचे?

सून : मांडीवर पालथा घातला, पाठीवर मारलं. निघेना. पुन्हा मारलं, जोरात. मग निघालं. मॅडम आल्या तेव्हा तो रडत होता आणि मीही. म्हणाल्या, श्वास घेतोय ना, मग काही झालंच नाही. बाहेर शब्द गेला तर सगळं तुझ्या माथी मारेन.

एसीवाला : त्याला न्यायला मीच आलो होतो. पाठ लाल दिसली म्हणून तुम्हाला विचारलंही होतं.

सून : हो. मी म्हटलं, घामोळं आहे.

एसीवाला : आम्ही आठवडाभर पावडर लावत होतो त्याला.

सासू : बाबा, तिनेच वाचवलंय त्याला.

एसीवाला : ते कळलं मला, मावशी. दवाखान्यात नाही नेलंत पण. मला नाही सांगितलंत. रोज दारात हसून हातात दिलंत त्याला. मी आत्ता फोन लावतो त्या बाईंना.

सासू : लाव. पहिला प्रश्न विचारतील, ताई कुठे भेटली. काय सांगशील?

सून : आई, राहू द्या. लावा तुम्ही. तुमचं मूल आहे, मी कोण अडवणार.

एसीवाला : एक सांगा. इथे पेशंट कोण आहे?

सासू : मी म्हटलं ना मघाशी.

सून : मी आहे. बोटं मी धरते. डोळे मिटले की सगळी मुलं पाठमोरी दिसतात, आणि कुणाला आधी वळवायचं ते कळत नाही.

सासू : बस गं. पाणी घे.

एसीवाला : आज संध्याकाळी त्याला डॉक्टरकडे नेतो.

सून : न्या. घसा तपासायला सांगा. आणि घास बारीक द्या, घाई करू नका. ओरडू नका त्याच्यावर.

सासू : दार उघडलं बघ. आपल्यालाच बोलावतायत.

सून : नको आई, घरी जाऊ. आत बोलले की तेही कुणाच्या तरी कानावर जाईल.

सासू : डॉक्टरांपाशी बोललेलं आतच राहतं. आत्ता जे बोललीस ते अवघड होतं. आता आत जायला काय घाबरतेस?

एसीवाला : ताई, मॅडमना मी सोडणार नाही. पण तुम्ही मला इथे भेटला नाहीत. गब्बू बोलायला लागलाय आता. त्यानेच सांगितलं म्हणेन.

सून : तरी त्यांना समजेल. तिथे माझ्याशिवाय होतं कोण.

एसीवाला : समजेल. ते माझ्या हातात नाही.

सून : उद्या आणाल त्याला?

एसीवाला : खरं सांगू? माहीत नाही. घरी बोलावं लागेल. पण आणला, तर तुमच्याच हातात देईन.