मागचा टायर

बायको गेल्यापासून काकांची मोटारसायकल उभीच होती. ती आता विकायची, पण त्याआधी स्वस्तातले टायर टाकून घ्यायचे, म्हणून काका टायरच्या दुकानात बाकावर बसले होते. त्यांच्या आधी स्कूटर घेऊन आलेल्या एका जोडप्याचा नंबर होता.

“मिस्त्री, पुढे नवा टाका आणि पुढचा जुना काढून मागे बसवा.”

“म्हणजे नवा तुम्हाला, जुना मला?”

“तुला कुठे? गाडीला.”

“मागे मी बसते की गाडी?”

“अगं, म्हाताऱ्या गाडीला किती नटवायचं!”

“नटवू नका. ओल्या रस्त्यावर मला पाडू नका, म्हणजे झालं.”

“वहिनी बरोबर बोलतात, साहेब. दोघं बसलात की भार मागेच येतो. नवा तिथे टाका, साध्या कंपनीचा चालेल. पुढचा अजून वर्षभर जाईल.”

“बरं, मागे नवा. आता तरी वळणावर माझा खांदा आवळू नकोस.”

“आवळणार. भरवसा टायरचा आहे, तुमचा नाही.”

मिस्त्री हसत काकांकडे वळला.

“बोला काका. तुमची तर विकायचीच आहे, मागे कसलाही चालेल.”

“नको. मागचा चांगला टाक,” काका म्हणाले. “जो घेईल, त्याच्या मागे कोणीतरी बसेलच की.”