वीतभर सरकलेला दगड

हॅलो?… हां ताई, समर्थच. आण्णा जिवंत आहेत.

… अगं, अटॅक येऊन तीन महिने झाले तरी तू रोज त्याच रडक्या आवाजात विचारतेस, म्हणून आधीच सांगून टाकलं.

… हो, हो… अगं ऐक ना. गोळ्या वेळेवर आहेत. नगरचे डॉक्टर म्हणाले, हृदय सावरलंय, माणूस सावरला नाही. असे घाबरून खाटेवर बसले तर पुढची वर्षं अवघड. रोज चालवा म्हणे.

… चालतील कसे? भेटायला येणारा प्रत्येक जण अर्धा किलो सफरचंद आणि एक मेलेला माणूस घेऊन येतो. बनुआत्यानं तर तिच्या सासऱ्यांचा दुसरा अटॅक उठून करून दाखवला. चालतानाच आला म्हणे. झालं. तेव्हापासून आण्णा संडासलाही नाडी धरून जायचे.

… जायचे. आता रोज मळ्यापर्यंत जाऊन येतात. पायी.

… ओरडणार नसशील तर सांगतो… मी बांधाचा दगड सरकवला. आपल्या रानात, वीतभर. आणि सांगितलं, छगनकाका त्याच्या रानाकडनं बांध कोरतोय.

… डॉक्टर म्हणाले काळजी नको. रागाचं मी विचारलंच नाही.

… काकाला विचारलं ना. आधी नको म्हणाला. मग म्हणाला, तीस वर्षं मनात होतंच. एकदा त्यानंच सरकवला तर चांगला हातभर. त्याला आवरावं लागलं.

… काही नाही. आण्णा जातात, वीत लावून मोजतात, काकाला शिव्या घालतात, त्याच्याकडंच बिनसाखरेचा चहा पितात, येतात. संध्याकाळी आण्णांच्या हुकुमावरून मी दगड जागेवर ठेवतो, सकाळी गाडीवर जाऊन परत सरकवतो. कष्टाचं काम आहे.

… काय? तुला फोन केला? आण्णांनी?… काय म्हणाले?

… थांब, परत सांग… ‘दवाखान्यातनं आल्यापासून पोराला झोप नव्हती. दगड सरकवायला लागल्यापासून घोरतो. तू त्याला काही बोलू नको.’

… म्हणजे त्यांना माहीत आहे?… पहिल्या दिवसापासून?

… ताई, ठेव आता. ते चपला शोधतायत आणि आज दगड जागेवरच आहे… अगं, एवढं चालून गेले आणि दगड हललेलाच नसला, तर त्यांना माझी काळजी लागेल. ठेवतो.