पोरांचा तास

नेवाशाच्या एसटी स्टँडवर रेंज गेली तशी स्टेला मोबाईलवर चरफडली. मागच्या बाकड्यावर एक म्हातारा सोबतच्या बाईला जुनं काहीतरी सांगत होता, तिकडे तिचे कान लागले.

"तवा गावात फोन एकच, माझ्या डेअरीत. मास्तरीन फिलोमिनाबाईंनी त्याचीच वायर शाळेत नेली आन् आपला कॉम्प्युटर राहुरीच्या शाळेला जोडला."

"फोनच्या तारंवरनं, आबा?"

"व्हय. पन मधीच कुनी रिसीव्हर उचलला की समदं तुटायचं. मग गावात दवंडी दिली, पोरांचा तास चालू आसला की फोनला हात लावायचा न्हाई."

"गावानं ऐकलं?"

"सरपंचसुदिक ताटकळत बसायचा, गोजराक्का."

"आन् कुनाची नड आसली तर?"

"माझीच हुती की. लेक राहुरीच्या दवाखान्यात अडलेली, आन् मी फोनसमोर बसून."

"मग वो?"

"जावयाला फोन लागंना, तर तो तिकडच्या शाळेत पळाला. इकडं पोरं पळत आली. म्हनली, आबा, पडद्यावर आलंय, तुमाला नात झाली, दोघी बऱ्या हायेत."

"बाई गं. लगोलग दवाखान्यात फोन लावला आसंल तुमी."

"कसा लावनार? तास संपला न्हवता."