याडीचा ढावलो

मंडळी, उन्हात बसलेल्या बायांनो, जरा मंडपात सरका, जागा हाय. झमकाबाई गेली. मला म्हणले, दोन शब्द बोल. वारंगा फाट्यावर कॅसेटचं दुकान टाकून जन्मभर मी दुसऱ्यांचा आवाज विकला. आज माझाच आवाज निघून नाही राहिला. सांभाळून घ्या.

झमकाबाईला तुमी सगळे याडी म्हणायचे. याडी म्हणजे बंजारा बोलीत आई. तिच्या तीन कॅसेटी मी काढल्या. आखाडा बाळापूरच्या बाजारात, जीपमधी, रसवंतीवर, जिथं जावं तिथं याडी. पण तिचं खरं गाणं, ढावलो, ते एकाबी कॅसेटीत न्हाई. नवरी सासरी निघताना गळ्यात पडून, रडत म्हणायचं ते. तांड्यातल्या पोरींना लग्नाआधी याडीच शिकवायची. पोरीची गाय, तिची विहीर, तिचा धाकटा भाऊ, सगळ्यांची नावं त्यात ओवायची.

मी लई मागं लागलो. म्हणलं, याडी, दुकानात बसून म्हण. तर म्हणायची, "लेक निघाल्याबिगर कसं म्हणू रे? अपशकुन व्हतो. आन् खोटं रडू मला येत न्हाई."

मग माझ्याच सुमनचं लग्न निघालं. आमी काही तांड्यातले न्हाई. तरी याडी म्हणाली, "तुझी लेक ती माझी लेक. म्हणते मी." मी नवी कॅसेट घालून मशीन खुर्चीवर ठेवलं. याडीनं सुमनला कवेत घेतलं. गाण्यात आमचा गोठा आला, सुमनच्या गेलेल्या आईचं नाव आलं. मंडळी, मी नुसता रडून राहिलो. गाडी दिसेनाशी झाली तवा खुर्चीकडं पाहिलं. बटन दाबलंच न्हवतं.

याडी हसली. "बापाला कुठं बटनाचं भान राहतं? पुढल्या लग्नात घेऊ."

पुढल्या लग्नात डीजे आला. याडीला कोणी बोलावलंच न्हाई. पोरींना रडायची लाज वाटू लागली. मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. नांदेडला ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला.

मागल्या महिन्यात तिनं मला बोलावून घेतलं आन् हातानंच खुणावलं, मशीन लाव. लेक निघायची वाटबी पाहिली न्हाई. या वेळेस मी बटन बराबर दाबलं. तिचे ओठ हलत होते, बोटं ताल धरत होती. घरी येऊन लावलं तर नुसता श्वास, आन् मधी कुठंतरी कोंबडं आरवलेलं. मला काहून इतका उशीर झाला, कोणाला विचारू?

आता शांत उभं राहायची रीत हाय. पण जरा थांबा. आज याडी तांडा सोडून चालली. म्हणजे लेकच निघाली ना? कोणाला तिचा ढावलो येत असंल तर एक ओळ म्हणा. एकच.

सोनाबाई, तुमाला? न्हाई? आन् मागं बसलेल्या?

व्हय. ज्यांना तिनं शिकवला, त्या तर सगळ्या सासरी गेल्या.

उठा मंडळी. गप्पच उभं राहू.