मंगळवारचे सहा

साल १९८४, जानेवारी महिना. राजधानी रेक्याविकपासून दूर असलेल्या आमच्या गावच्या पोहण्याच्या तलावाशेजारी गरम पाण्याचा हौद आहे. गावातली भांडणं तिथेच, गळ्यापर्यंत पाण्यात बसून होतात. त्या दिवशी मी कोपऱ्यात होते. क्रीडा मंडळाचा अध्यक्ष इंगिमार आधीच येऊन बसला होता. खेळाच्या हॉलची साफसफाई बघणारी आणि मुलींना हँडबॉल शिकवणारी ओडनी त्याच्या समोरच उतरली.

"इंगिमार, मुलींची मंगळवारची वेळ तू फुटबॉलवाल्यांना दिलीस?"

"अगं, त्यांचं मैदान बर्फाखाली आहे."

"मग फावडी घ्या म्हणावं! गेल्या वर्षी तो बर्फ माझ्या मुलींनीच उपसला होता."

"चिडू नकोस. आठच तर मुली आहेत."

"हँडबॉलला सात लागतात. अध्यक्ष झालास आणि आकडे विसरलास?"

"सकाळी सहाची वेळ देतो ना."

"तू ये सकाळी सहाला, काळोखात, दप्तर घेऊन!"

"ठरलंय ते, ओडनी. हॉलची किल्ली उद्या आणून दे."

"ही बघ, गळ्यातच आहे. ये, काढून घे."

"लोक बघताहेत, बाई."

"बघू देत. मंगळवारी संध्याकाळी सहाला मी मुलींनाच दार उघडणार."

इंगिमार जागचा हलला नाही.

फुटबॉलवाल्यांनी तो हिवाळाभर बर्फ उपसला. इंगिमार पुढच्या वर्षी रेक्याविकला गेला आणि तिथे गालिचे विकू लागला. ओडनी तीन वर्षांपूर्वी वारली. तिची शवपेटी त्याच आठ जणींनी चर्चबाहेर आणली. पुढे होऊन हात लावायची एकाही पुरुषाची टाप नव्हती.